देवळ्याला गेलेली पेटी

सकाळी सहाला मेहुणा सटाण्याला निघाला तेव्हा सोमनाथने दाराशी ठेवलेली द्राक्षाची पेटी उचलली आणि त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर ठेवली. "दाजी, कशाला उगाच," असं भिमाजी म्हणाला खरा, पण पेटी सरळ राहावी म्हणून त्याने स्वतःच तिला सीटबेल्ट लावला. हंगामात नाशिकजवळच्या मखमलाबादला बहिणीकडे आलं की द्राक्षं घेतल्याशिवाय परत जायचं नाही, हा त्याचा नेम होता. देण्याआधी सोमनाथने पेटी हातावर तोलून पाहिली होती. बरोबर दोन किलो. तीस वर्षं द्राक्षं काढणाऱ्या माणसाचा हात चुकत नाही, आणि त्या दिवशीही तो चुकला नव्हता. पेटीत दोन किलोच होते. फक्त द्राक्षं नव्हती.

द्राक्षं शेजारच्या पेटीत होती. भावासाठी सोमनाथच्या बायकोने, सुवर्णाने, ती रात्रीच भरून, चिकटपट्टी लावून दाराशी ठेवली होती. आणि सकाळच्या घाईत विसरायला नको म्हणून आरोहीने आपली पेटी नेमकी तिच्या बाजूला नेऊन ठेवली होती.

आरोही ही सोमनाथची एकुलती एक मुलगी. ती आर्किटेक्ट होती, कॉलेज रोडला नोकरी करायची, आणि गेलं वर्षभर रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठे कापत बसायची. तिने एक खेळ तयार केला होता. नाव 'छाटणी'. चार खेळाडू, प्रत्येकाची एक द्राक्षबाग. जमिनीचे षटकोनी तुकडे, द्राक्षांसाठी हिरवे लाकडी मणी, मजुरांसाठी छोट्या लाकडी बाहुल्या आणि संकटांचे साठ पत्ते. अवकाळी पाऊस, गारपीट, वेलीवरचे भुरी आणि डावणी हे रोग, ऐन काढणीत मजूर गावच्या लग्नाला जाणं, असं काय काय त्यात होतं. हे सगळे पत्ते सोमनाथच्या आयुष्यातून आले होते. तेवढं सोडलं तर खेळातलं त्याला फारसं कळत नव्हतं. पण अभिमानाला कळावं लागतंच असं नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या खताच्या दुकानात त्याने मोठ्या आवाजात सांगितलं होतं, "आमच्या आरोहीनं गेम बनवलाय."

"मोबाईलवरचा का?" दुकानदाराने विचारलं.

"मोबाईलवरचा कुणीबी बनवतं. हा टेबलावरचा आहे."

"म्हणजे सापशिडी?"

सोमनाथने त्या दुकानातून खत घेणं बंद केलं.

आज रविवारी गंगापूर रोडच्या एका हॉलमध्ये असे खेळ तयार करणाऱ्यांचा मेळावा होता. पुण्याहून निकिता नावाच्या प्रकाशक बाई येणार होत्या आणि सगळे खेळ पाहून त्यातला एकच छापायला नेणार होत्या. आरोहीने खेळ मुद्दाम आपल्याच बागेच्या पेटीत भरला होता. बाईंनी पेटी उघडली की वर हिरवेगार मणी दिसले पाहिजेत, अशी तिची कल्पना होती. सोमनाथ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बरोबर निघाला. रिक्षात पेटी त्याने मांडीवर घेतली आणि कुणालाही हात लावू दिला नाही.

हॉलमध्ये तीसेक टेबलं होती. एका टेबलावर लोक मंगळावर वस्ती करत होते, दुसऱ्यावर गड बांधत होते, तिसऱ्यावर चौघं मधमाश्या होऊन एकमेकांचा मध पळवत होते. साडेनऊला आरोहीने आपल्या टेबलावर पेटी ठेवली, चिकटपट्टी कापली, झाकण उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"पप्पा, ही द्राक्षं आहेत."

"मग? द्राक्षाचाच गेम आहे ना?"

"पप्पा, खरी आहेत."

सोमनाथने वाकून पाहिलं. सुवर्णाने अगदी निवडून घड भरले होते. त्याच्या डोळ्यांसमोर सीटबेल्ट लावलेली पेटी उभी राहिली.

"वजन बरोबर होतं गं," तो एवढंच म्हणाला.

भिमाजीने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. तो घरी पोचून अंघोळ करून बसला होता.

"पेटी? ती तर देवळ्याला दिली, दाजी."

"दिली म्हणजे? कुणाला?"

"व्याह्यांच्या दारावरून यायचं आन् हात हालवत यायचं का? पुंजाआबांना दिली. चिकटपट्टीबी काढली नाय, व्यवस्थित दिली."

देवळ्याचे पुंजाआबा म्हणजे भिमाजीच्या मुलीचे सासरे. नंबर मिळवून आरोहीने त्यांना फोन लावला. पलीकडे चारपाच माणसं एकदम बोलत होती.

"आबा, मी आरोही. भिमाजीमामांची भाची, नाशिकची."

"बोल, बोल. तुमची द्राक्षं लय कडक निघाली गं. आमच्या कोंडाजीनं एक चावलं, त्याची दाढ हालायला लागलीय."

"आबा, ती लाकडी आहेत! तो खेळ आहे!"

"ते मागून कळलं आम्हाला. आता चौघं बसलोय. थांब, माझी पाळी आली," असं म्हणून आबांनी फोन ठेवला.

आरोहीची वेळ अकराची होती. देवळ्याला जाऊन यायचं तर साडेतीन तास हवेत. सोमनाथ तरी चप्पल घालून निघाला, मग परत आला, मग पुन्हा निघाला. शेवटी तो मुलीशेजारी खुर्चीवर बसला. वर्षभराची तिची मेहनत त्याने स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या गाडीत ठेवली होती आणि वरून गाडीला हातही केला होता. तिच्याकडे बघायचं धाडस त्याला होईना. तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती. पेटीतल्या घडाकडे टक लावून बघत होती.

"पप्पा, इथं कुणाकडे पुठ्ठा मिळतो का बघा. आणि कात्री."

अर्ध्या तासात तिने पट्टीने आखून षटकोनी तुकडे कापले. मण्यांच्या जागी खरी द्राक्षं आली. मजूर म्हणून पेनांची टोपणं उभी राहिली. राहिले साठ पत्ते. ते लिहायला वेळ नव्हता.

"ते तुम्ही व्हा," आरोही म्हणाली.

"काय होऊ?"

"पत्ते. सगळे तुम्हीच तर मला सांगितलेत. प्रत्येक फेरीला एक संकट सांगायचं, बस्स."

अकराला निकिता मॅडम आल्या. केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, चेहऱ्यावर सकाळपासून चार खेळ खेळल्याचा थकवा. त्यांच्याबरोबर मंगळाचा खेळ बनवणारा संघर्ष नावाचा मुलगा आणि आणखी दोघं बसले. सोमनाथ हात मागे बांधून टेबलाच्या डोक्याशी उभा राहिला. पहिल्या फेरीत तो हळू आवाजात, अडखळत बोलला.

"मॅडम, तुमची छाटणी झाली ना? मग... थंडी पडली. पारा पाचवर. रात्रभर बागेत शेकोट्या पेटवा, नाहीतर मणी तडकतील."

मॅडमनी दोन मजूर शेकोटीला लावले. दुसऱ्या फेरीला सोमनाथचा आवाज मोकळा झाला. तिसरीला तो टेबलाभोवती फिरायला लागला. संघर्षची बाग एव्हाना सगळ्यांत भरलेली होती.

"तुमची बाग चांगली दिसती," सोमनाथ कौतुकाने म्हणाला.

"थँक यू, काका."

"गारपीट."

"अहो, असं कसं? पत्ते पिसलेले असतात! माझी बाग चांगली आहे बघून तुम्ही टाकली गारपीट!"

"बाळा, माझ्यावरबी अशीच बघून टाकली होती. तक्रार कुणाकडं करायची, ते मलाबी अजून कळलेलं नाही."

टेबलाभोवती गर्दी जमायला लागली. गडवाले गड सोडून आले. पाचव्या फेरीला माल मोजला तर निकिता मॅडमची सात द्राक्षं कमी भरली.

"मी... विचार करता करता खाल्ली वाटतं," त्या म्हणाल्या.

"पाखरांनी खाल्ली असं धरू," सोमनाथ म्हणाला, आणि सगळा हॉल हसला. आरोही हसायची सोडून वडिलांकडेच बघत राहिली. घरच्या अडीच एकरांच्या बागेबाहेर इतक्या लोकांसमोर बोलताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डाव संपल्यावर निकिता मॅडमनी चष्मा काढून पुसला. "काका, तुम्ही कमाल आहात. पण पेटीत मला तुम्हाला घालता येणार नाही. आरोही, मी खेळ पाहिलाच नाही गं. मी तुझे बाबा पाहिले. खरा खेळ कुठंय?"

आरोहीने देवळ्याला व्हिडिओ कॉल लावला. तो कुसाबाईंनी, म्हणजे पुंजाआबांच्या बायकोने उचलला आणि फोन तांब्याला टेकवून ठेवून दिला. पडद्यावर घराचा ओटा, खेळणारी चार डोकी, त्यांच्या मागे उभे सातआठ जण आणि मधोमध 'छाटणी' मांडलेली. ओट्यावर कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"कोंडाजीची बाग पडली, तू मजूर दे त्याला!"

"मागच्या टायमाला मीच दिला होता!"

निकिता मॅडम फोनवर वाकल्या. "तुझं नियमांचं पुस्तक कुठल्या भाषेत आहे?"

"इंग्रजीत."

"मग हे लोक कसे खेळतायत?"

आरोही बारकाईने बघत होती. "हे माझे नियम नाहीतच. माझ्या खेळात कुणी कुणाला मजूर देत नाही. यांनी चित्रं बघून स्वतःचेच केलेत."

"कधीपासून बसलेत?"

"साडेनऊला मी फोन केला तेव्हा बसलेलेच होते."

साडेबारा होत आले होते. मॅडमनी केस सारखे केले. "नमस्कार! मी पुण्याहून बोलतेय. मी खेळांची प्रकाशक आहे. मला तुमच्याशी दोन मिनिटं..."

"पुन्याहून?" पडद्यावर कुसाबाईंचा चेहरा आला. "मंग मागून करा. आते टाइम नही शे." आणि फोन बंद झाला.

निकिता मॅडमनी बंद झालेला फोन आरोहीच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "सकाळपासून या हॉलमध्ये प्रत्येक जण माझ्याशी बोलायला धडपडतोय. खेळ सोडून माझ्याशी बोलायला वेळ नाही म्हणणारी ही पहिलीच बाई."

चार वाजता माइकवरून नाव पुकारलं गेलं. 'छाटणी'. महिनाभरात मूळ पेटी घेऊन पुण्याला यायचं ठरलं. आरोही पुढे गेली तेव्हा सोमनाथने आधी डावीकडच्याला सांगितलं, "मुलगी माझी," मग उजवीकडच्याला, मग मागच्या रांगेत जाऊन तिथल्यांना. पाणी भरणाऱ्या माणसाला त्याने दोनदा सांगितलं.

दोघं तसेच गाडी करून देवळ्याला निघाले. दिवस मावळायच्या आत पोचले. ओट्यावर आता दहाबारा माणसं होती. खेळणारे दोघं बदलले होते, पण पुंजाआबा आणि कुसाबाई जागचे हलले नव्हते. दुपारची भाकरी त्यांनी तिथेच खाल्लेली दिसत होती. नाशिककरांशी बोलताना आबा जरा नीट मराठी बोलायचे. कुसाबाई असलं काही करत नसत, त्या सगळ्यांशी अहिराणीतच बोलायच्या.

सोमनाथ ओट्यावर चढला आणि छाती भरून म्हणाला, "आबा, हा गेम आमच्या आरोहीनं बनवलाय. पुण्याच्या मॅडमनी आजच निवडला. आता देशभर जाणार!"

"लय चांगलं झालं," आबा पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. "बसा. च्या घ्या. पेटी आता नाय मिळायची, डाव चालूय."

एक जण गुरांना वैरण टाकायला उठला. आरोही त्याच्या जागी बसली. तिने पहिल्याच पाळीला दोन मजूर छाटणीला लावले, तर तिघांनी तिचा हात धरला. पत्ता उचलला, तर तो आधी शेजाऱ्याला दाखवायचा असतो, असं कळलं. तिसऱ्या पाळीला तिने मणी उचलले तेव्हा कुसाबाईंनी ते तिच्या हातातून काढून परत जागेवर ठेवले.

"कोनी शिकाडं तुले?"

"अहो, हिनंच बनवलाय," सोमनाथ पुन्हा म्हणाला. लेक हरतेय हे त्याला दिसत होतं, तरी त्याचा आवाज जराही खाली आला नव्हता.

"बनवला व्हई. पन खेळता कोठे येस?"

आरोही हसायला लागली, आणि तिला हसू आवरेना. मग तिने पेटीच्या तळातून इंग्रजी नियमांचं पुस्तक काढलं, ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन टेकवलं.

"आजी, तो मजूर द्यायचा नियम परत सांगा. मला लिहून घ्यायचाय."

कुसाबाईंनी तिच्याकडे, मग तिच्यापुढच्या ओस पडलेल्या जमिनीच्या तुकड्यांकडे पाहिलं.

"लिख मंग. पन आधी तुनी बाग आवर. पुरी पडेल शे."