बाईंची गाडी कुणाच्या दारात?

"माझी गाडी? एका किकमध्ये चालू होते! दुसरी किक मारावी लागली तर नाव बदलीन!"

मुर्तिनीबाई हे रोज सकाळी सहा वाजता कुणाला ना कुणाला ऐकवायच्या, आणि ते खरंही होतं. जकार्तापासून लांब, सुंबिंग डोंगराच्या उतारावरचं ते गाव पहाटे असं गारठायचं की कोंबडेसुद्धा आरवायच्या आधी दोनदा विचार करायचे. पण बाईंची लाल गाडी, निवृत्त मास्तरांकडून घेतलेली, सीटला ठिगळ, आरसा एकच, पहिल्या किकला फुर्रर्र!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावात टेलिफोन नव्हता, डॉक्टर नव्हता. होती ती ही तिशीतली सुईणबाई. वरखालच्या पाच वाड्यांमधल्या गरोदर बाया तिच्या भरवशावर दिवस मोजायच्या. 'बू बिदान आली!', म्हणजे सुईणबाई आली, हे लोकांना न बघता, गाडीच्या आवाजावरून कळायचं.

अडचण एकच. सकाळी एवढी गुणी असलेली ती गाडी तापली की हट्टाला पेटायची. चढ चढून बंद पडली, की अर्धा तास काही केल्या चालू व्हायची नाही. किक अशी मऊ जायची, जणू लोण्यात पाय घातलाय! अर्धा तास गेला, इंजिन निवलं, की पुन्हा आपली पहिल्या किकला फुर्रर्र!

गियोनो मेकॅनिकचं गॅरेज खाली बाजाराच्या तोंडाशी होतं. बाई गाडी ढकलत न्यायच्या, पण तिथे पोचेपर्यंत अर्धा तास उलटलेला असायचा. गियोनो लवंगेची सिगरेट ओठांत धरून चपलेच्या टोकाने किक मारायचा. फुर्रर्र!

"बाई, गाडीला काहीही झालेलं नाही."

"अहो, आत्ता वर चालू होत नव्हती!"

"किक मारायची एक पद्धत असते, बाई. बायकांच्या पायाला ती..."

"गियोनो, तुमची तिन्ही पोरं या हातांनी जगात आणलीत मी. मला पद्धत शिकवू नका!"

पण खरं सांगायचं तर बाईंना त्या अर्ध्या तासांचा फारसा राग नव्हता. गाडी जिथे रुसेल तिथे कुणीतरी बाकडं पुढे करायचं, मोगऱ्याच्या वासाचा गोडमिट्ट चहा यायचा, उकडलेल्या शेंगा यायच्या. कुणाची म्हैस व्यायली, कुणाचा मुलगा जकार्ताला गेला, सगळं कानावर पडायचं. घाई नावाची वस्तू तेव्हा त्या डोंगरावर फारशी पोचलीच नव्हती.

एक गोष्ट मात्र बाईंच्या डोक्यात आली नव्हती. सुईणीची गाडी एखाद्या दारात अर्धा तास उभी, याचा गाव काय अर्थ लावणार?

एकदा ती सत्तरीच्या एका विधुराच्या दारात बंद पडली. गाव आठवडाभर हसलं, आजोबाही हसले, विषय संपला. पण तंबाखूच्या हंगामात, एका मंगळवारी, ती बंद पडली दार्मिनच्या दारात! चिरलेला तंबाखू बांबूच्या तट्ट्यांवर वाळत रस्ताभर पसरलेला. बाईंनी तट्टी चुकवायला करकचून ब्रेक मारला, आणि गाडीने जीव सोडला.

दार्मिन आणि कस्मी यांची एकुलती एक मुलगी सुप्रिह, वय वीस. लग्न दोन महिन्यांवर. नवरामुलगा खालच्या पाराकान गावचा, सासू कडक.

कस्मीने चहा दिला. बाई निवांत प्यायल्या. तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून डोकावली.

"काय हो बाई, कुणाचं?"

"कुणाचंच नाही. गाडी तापलीय."

"हो का!" शेजारणीने मान डोलावली. मग घरात जाऊन नवऱ्याला म्हणाली, "बाई किती सज्जन! मेल्या तरी गुपित सांगणार नाहीत!"

संध्याकाळपर्यंत सुप्रिहला तिसरा महिना लागला होता. शुक्रवारच्या बाजारात पाचवा लागला. आणि पाराकानला बातमी पोचली तेव्हा जुळी होती!

बाईंनी परोपरीने सांगून पाहिलं. भाजी घेताना सांगितलं, तपासणीला आलेल्या बायांना सांगितलं, मशिदीपाशी ओरडून सांगितलं. जितकं नाही म्हणत, तितकी लोकांची खात्री पटायची.

रविवारी सकाळी पिकअप गाडीतून विहीणबाई आल्या. सुतिनाबाई! काखेत छत्री, मागे तीन नातेवाईक बायका, चेहऱ्यावर निकाल लागलेला. सुप्रिह चुलीमागे बसून हमसाहमशी रडत होती. दार्मिन तंबाखूच्या ढिगाशी असा उभा, जणू त्यालाच आता चिरणार आहेत. कुणीतरी मुर्तिनीबाईंना बोलावून आणलं. पाठोपाठ गाव आलं.

"अर्धा तास काय करत होतात या घरात?" सुतिनाबाईंनी छत्री रोखली.

"चहा पीत होते! गाडी तापली की चालू होत नाही माझी!"

"असं? मग दाखवा."

"दाखवतेच!"

बाईंनी पदर नव्हता म्हणून कमरेला गुंडाळलेला सारोंगच वर खोचला आणि गाडीवर बसल्या. चढावर एक फेरी, दोन, तीन... सात फेऱ्या! कोंबड्या उधळल्या, धूर झाला, इंजिनवर पापड भाजावा इतकं ते तापलं. बाईंनी गाडी सुतिनाबाईंच्या पायाशी आणून बंद केली.

"आता बघा हं! संध्याकाळपर्यंत मारलीत तरी..."

बाईंनी किक मारली.

फुर्रर्र!

पहिल्या किकला! इतकी गोड तर ती थंडीतही कधी चालू झाली नव्हती. आतून सुप्रिहचा हंबरडा ऐकू आला.

"वा!" सुतिनाबाई म्हणाल्या. "चला गं, पिकअपमध्ये बसा."

तेवढ्यात गर्दीतून गियोनो पुढे आला. ओठांत सिगरेट नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाई... माझी चूक झाली. परवा तुम्ही पायी गेला होतात ना, तेव्हा न विचारता तुमची गाडी नेली होती. चढावर मीच अडकलो. अर्धा तास किक मारली! मग कळलं, व्हॉल्व्हची फट फार घट्ट होती. तापलं की व्हॉल्व्ह फुगतो, नीट मिटत नाही, दम निघून जातो. काल गुपचूप दुरुस्त केली. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

"लाज वाटली?" बाई किंचाळल्या. "आजच वाटायची होती?"

"सोयीचं आहे!" सुतिनाबाई म्हणाल्या.

गियोनोने खिशातून पाना काढला. तापलेल्या इंजिनवर बोटं भाजून घेत, "आई गं! आई गं!" करत त्याने फट पुन्हा होती तशी घट्ट केली. "आता मारा किक."

सुतिनाबाईंनी स्वतः मारली. एकदा, दहादा, वीसदा. छत्री पडली, अंबाडा सुटला, गाडी ढिम्म! गावाने टाळ्या वाजवल्या. बंद गाडीला एवढ्या टाळ्या त्या डोंगराने कधी ऐकल्या नसतील.

"मोडून ठेवलीत, झालं!" सुतिनाबाई धापा टाकत म्हणाल्या. "मोडता कुणालाही येतं!"

"मोडलेली गाडी आपोआप दुरुस्त होत नाही ना, विहीणबाई?" गियोनो म्हणाला. "अर्धा तास बसा. कुणी हात लावणार नाही."

बसायचं म्हणजे चहा आलाच. मग शेंगा आल्या. सुप्रिह डोळे पुसत रताळी घेऊन आली. सुतिनाबाईंनी एक घेतलं, मग दुसरं. "उकडलीस तू?" विचारलं. मग दार्मिनला तंबाखूचा भाव विचारला, मग आपल्या गुडघ्यांचं दुखणं निघालं. अर्ध्या तासाचा पाऊण तास कधी झाला ते कळलं नाही. शेवटी गियोनोनेच आठवण केली. सुतिनाबाई उठल्या, कंबर कसली, आणि एकच किक मारली.

फुर्रर्र!

सुतिनाबाईंनी गाडीच्या सीटवर थोपटलं. मग सुप्रिहला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "बिचारी गाडी! आणि आम्ही कुणाला बोल लावत होतो!"

पिकअप हात हलवत उतरून गेली. गाव पांगलं. मुर्तिनीबाई निघणार, एवढ्यात कस्मीने त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लावलं.

"बाई, जरा मला बघता का? दोन-तीन महिने झाले... मला वाटलं, त्रेचाळिशी आली, थांबलं असेल. पण सकाळी तंबाखूच्या वासाने मळमळतं हो!"

बाईंनी तपासलं. पुन्हा तपासलं. मग चुलीपाशी बसल्या.

"कस्मीताई, चौथा लागलाय!"

"अगं आई! विहिणीला कळलं तर? लेकीच्या लग्नात मी पोट घेऊन मिरवू? पाया पडते बाई, लग्न होईस्तोवर कुणाला कळू देऊ नका!"

"पण या वयात दर मंगळवारी तपासायला यावं लागेल मला! गाडी दारात दिसणारच!"

बाई बाहेर आल्या तेव्हा गियोनो पाना घेऊन गाडीशी उकिडवा बसला होता.

"निवलीय, बाई. दोन मिनिटांत फट नीट करून देतो. पुन्हा कुणाच्या दारात अडकायला नको."

बाईंनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, एकदा कुंपणावरून डोकावणाऱ्या शेजारणीकडे.

"राहू द्या, गियोनो," त्या हळूच म्हणाल्या. "उलट, जमलं तर अजून जरा घट्ट करा!"