फुलाची पोच

व्हाट्सॲपला पायानं जवाब देणारा माणूस तुमी बघितला नसंल. आमच्या गावात हाय. गुणाजीआबा. गंगाखेडच्या एसटीतून फाट्यावर उतरलं की पहिलंच घर त्येंचं. म्हातारी गेल्यापासून एकटेच असतेत. पोरगं पुण्याला. त्यानं दिवाळीला मोठा फोन आणून दिला, आन त्या व्हाट्सॲपमधी आबाला घातलं म्या.

आबा जुनी चौथी शिकलेले. मला तेवढंबी वाचता येत न्हाई, अंगठा हीच माझी सही. पर फोनला कुठं अक्कल लागती? रोज पहाटं गुलाबाचं फूल धरायचं आन एका बोटात शंभर जणाला सोडायचं, एवढं येतंय. आबालाबी सोडलं. म्या दात घासायलालो, तर आबा काठी टेकत दारात.

"सुदाम्या, फूल पोचलं. पोच द्याया आलो. एवढ्या पहाटं माझी याद काढलीस, लय बरं वाटलं."

बाकीच्या शंभराचं म्या काय बोललो न्हाई.

बसले, चहा पिले, रामराम करून गेले. दुसऱ्या दिवशी फूल, मागं आबा. तिसऱ्या दिवशी तेच. आमची कारभारीण म्हणली, "फूल तुमी फुकट सोडता, दूध-साखर माझी जायलीय."

गावाच्या ग्रुपमधी घेतलं तवा तर कहर. किराणावाल्या बंडूनं एक विनोद टाकला. आबा दुकानात गेले, गिऱ्हाइकाच्या गर्दीत उभे राहिले आन पोट धरून हसले. "कालच्या विनोदाचं हसायचं राहिलतं," म्हणले. कुणीतरी टाकलं, हे अकरा जणाला पाठवा, न्हाई तर वाईट खबर येईल. आबा भर उन्हात अकरा घरं फिरले. अकरावं घर आमचं. दारातच टेकले. "वाईट खबर काय यायची ती येऊ दे, आदी पाणी दे."

एकदा माझ्या फोनात झेंडूचा हार आन मधी समई, असं लय देखणं चित्र घावलं. खाली कायतरी लिहिलतं, पर ते आपल्या खात्यात येत न्हाई. सोडलं समद्यास्नी. लोकांनी हात जोडल्याली चित्रं पाठवली आन आपापल्या कामाला लागले. आबा मातर डोक्याला टॉवेल बांधून आले, गुमान ओट्यावर बसले. मला वाटलं गावात कुणी गेलं, म्हून मीबी गुमान बसलो. लय येळानं आबा हळूच म्हणले, "कवा न्यायचं?"

"कुणाला?"

तेवढ्यात कारभारीण चहा घेऊन भाईर आली. आबा एकदा तिच्याकडं बघायलेत, एकदा माझ्याकडं. "ही तर चांगली चालायलीय! मग श्रद्धांजली कुणाला वाहिलीस, मुर्दाडा?"

त्या दिवशी चहा आबाला मिळाला. मला न्हाई.

दसरा झाला, आमी ऊस तोडाया कोल्हापूरकडं गेलो. तिथंबी पहाटं पाचटाच्या कोपीतनं, म्हंजी आमच्या खोपटातनं, फूल सोडायचो. आबा काय एवढ्या लांब येत न्हाईत, कारभारीण खूश. मग एकदा वरच्या खिशात फोन ठिवून पाटावर पाणी प्यायला वाकलो. म्या पाणी पिलो, फोनबी पिला. फुलं बंद.

आठ-धा दिवसांनी फडात मोळ्या बांधायलालो, तर बांधावरून वळखीची काठी यायलीय. मागं आबा. धोतर धुळीनं भरल्यालं, हातात थैली, थैलीत शेंगाची चटणी.

"आबा! आवं, म्या तर फूल सोडलंच न्हाई!"

"म्हून तर आलो. न आल्याची पोच द्याया."

"एवढ्या लांब?"

"म्हाताऱ्याला एसटी फुकट हाय. मग घरी कामून बसू? तुमच्या टोळीच्या मुकादमाकून ठिकाण घेतलं आन इचारत इचारत आलो."

कारभारणीनं आपुनहून चूल पेटवली. शेजारच्या कोपीतला कोंडिबा, जिंतूरकडचा, चहाच्या वासानं आला आन सगळं ऐकून हसाया लागला. "आबा, ह्या सुदामचं फूल? ते तर आमा समद्यालाच यायचं की! एकच फूल, शंभर फोन."

मला वाटलं, पाटात फोनच्या जागी आपुनच पडलो असतो तर बरं झालं असतं.

आबानं बशीवर फुंकर घातली. "असू दे. देवळातला परसादबी समद्याला एकच असतोय. कुणी माघारी देतंय का?"

कोंडिबा गेला. आबानं बशी खाली ठिवली. "सुदाम्या, तुझं फूल आलं की मला पहाटं उठून कुठंतरी जायाचं असतंय. तेवढं बंद करू नको."

मला मयताच्या घरीबी विनोद सुचतोय. तवा म्या निस्ती आबाची बशी परत भरली.

फोन दुरुस्त झाला त्या पहाटं म्या गुलाब धुंडाळला न्हाई. फडातला उसाचा तुरा हातात धरला आन कारभारणीला फोटो काढाया लावला. तिनं त्यात माझं तोंडबी घेतलं, तुऱ्याची शोभा गेली. तरी तेच सोडलं, एकट्या आबाला. मग बटण दाबून बोललो, "आबा, हे तुमच्या एकट्याला हाय बरं का. पर पोच द्याया येऊ नका. पाडव्याला आमीच येताव."

मागून कारभारीण वरडली, "येऊ द्या की! चहाला काय झालं?"

तेबी त्यात गेलं. तवापासून मोळी बांधताना माझी नजर बांधावर जायलीय.