नऊशे मीटरचं वळण

डार्सी वासिलिकच्या टेबलामागे भिंतीवर एक पितळी पाटी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘कुणालाही न खुपणारं वळण’. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या त्या जिल्हा रस्ते कार्यालयात कुणाला मिळालेली ही एकुलती एक पाटी, त्यामुळे डार्सी ती दर शुक्रवारी पुसायचा. झोराव गावाजवळ हमरस्ता कुठून वळवायचा यावरून गाव तीन वर्षं भांडलं होतं. मागच्या शरदात डार्सीने नऊशे मीटर त्रिज्येचं वळण दाखवलं आणि सगळ्या गावाने चक्क माना डोलावल्या, वर ही पाटीही करून दिली.

बुधवारी सकाळी त्याने ती आखणी उघडली ती नुसती बघायला. ती बघितली की त्याला बरं वाटायचं. अडचण एवढीच, की त्या सॉफ्टवेअरला बघणाऱ्यातला आणि बदलणाऱ्यातला फरक कळत नसे. तक्त्यातल्या ज्या आकड्यावर टिचकी माराल, तो ते बिनतक्रार तुमच्या हवाली करायचं. डार्सीने त्रिज्येवर टिचकी मारली आणि तेवढ्यात फोन वाजला.

“डार्सी, रविवारी चर्चचं जेवण आहे. तुझ्या ऑफिसला पिरोगी किती?” स्टेला मावशी. झोरावच्या चर्चच्या सभागृहाचं स्वयंपाकघर आणि तिथल्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, तीस वर्षं तिच्याच ताब्यात होत्या.

“साडेचारशे, मावशी.”

“लिहून ठेव. मागून कटकट नको.”

तोंडून निघालेला आकडा लगेच टाइप करायची डार्सीला सवय होती. त्याने ४५० टाइप केलं, एंटर दाबलं आणि कॉफी आणायला गेला.

गुरुवारी दुपारी मोजणीवाल्या मर्व्हचा फोन आला. “डार्सी, खुंट्या ठोकून झाल्या. पण शेवटची खुंटी स्वयंपाकघराच्या दारात आलीय.”

“कुठल्या स्वयंपाकघराच्या?”

“चर्चच्या. आत बायका आहेत. त्या माझ्याकडे बघतायत.”

“अरे, मग तू ठोकलीस कशाला?”

“आखणी सांगते, मी ठोकतो. सकाळी तुमचीच फाइल यंत्रात घेतली.”

डार्सी गाडी काढून पोचला तेव्हा नारिंगी फितींची रांग बिटाच्या वाफ्यातून थेट पायरीपर्यंत आली होती. पायरीवर मावशी पिठाच्या हातांनी उभी होती.

“तीन वर्षं भांडून आम्ही तुझं ऐकलं,” ती म्हणाली. “आता माझ्या चुलीवरून ट्रक नेतोस? आज संध्याकाळी गाव जमतंय. तुझी पाटी घेऊन ये, काढून घ्यायचीय.”

नोकरी गेली असती तर एक वेळ चाललं असतं, पण या गावात डार्सीला म्हातारं व्हायचं होतं. तो ऑफिसात परतला, तक्ता उघडला आणि ४५० बघून कपाळाला हात लावला. नऊशे टाकताच रेषा ऐसपैस वळून मोकळ्या माळावर गेली. मर्व्हने अंधार पडायच्या आत सगळ्या खुंट्या हलवल्या. संध्याकाळी गाव जमलं, पण भांडायला काही उरलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून कोबी चिरला.

रविवारी डार्सी ताट घेऊन रांगेत उभा होता. मावशीने त्याला वाढताना हात आखडला नाही.

“पण काय रे, यंदा साडेचारशेच? गेल्या वर्षी नऊशे सांगितले होतेस.”

“गेल्या वर्षी डेपोवाले बरोबर होते,” डार्सी म्हणाला आणि थांबला. “मावशी, मी तो आकडा कधी सांगितला होता?”

“ऑक्टोबरात. फोनवर. तू ते वळण घेऊनच बसला होतास.”

डार्सीने खूप आठवून पाहिलं. त्याच्या जुन्या वहीत त्रिज्या सातशे होती. ती नऊशे का केली, हे त्याला काही केल्या आठवेना.

शेजारी त्याची साहेबीण लॉर्ना फ्रीझन क्रीम वाढून घेत होती. “डार्सी, वेल्डनच्या वळणावरून तिथलं गाव दोन वर्षं पेटलंय. आता ते काम तूच घे. नऊशेचा आकडा काढलास तसा एखादा काढ.”

डार्सीने मान हलवली. खिशातून पेन काढलं, कागदी रुमाल सरळ केला आणि मावशीकडे वळला.

“मावशी, वेल्डनच्या चर्चमध्ये जेवण कधी असतं? आणि तिथे पिरोगी साधारण किती लागतात?”