डावा डोळा त्रुटीपूर्ततेसाठी परत

मला मुळात हात वर करायचाच नव्हता. म्हणजे केला, हे खरं, पण तो ‘चहाचं काय झालं’ हे विचारायला केला होता. आमच्या ऑफिसात खोटे ई-मेल कसे ओळखावेत यावर व्याख्यान चाललं होतं, चहाची वेळ केव्हाच टळून गेली होती, आणि मी हात वर करायला आणि पाहुण्या बाईंनी “मग या ऑफिसचा मेल-रक्षक कोण होणार?” असं विचारायला एकच गाठ पडली. टाळ्या झाल्या. साहेबांनी स्वतःच्या हाताने माझ्या शर्टाला पिवळा गोल बिल्ला लावला. (पिन शर्टातून बनियनमध्ये आणि बनियनमधून माझ्यात गेली, पण टाळ्या चालू असताना ओरडणं बरं दिसलं नसतं.) चहा शेवटपर्यंत आला नाही तो नाहीच.

आता मी आहे आवक-जावक कारकून. येणाऱ्या प्रत्येक कागदावर मी शिक्का मारतो आणि त्यात चूक काढतो. चूक काढल्याशिवाय कागद पुढे पाठवायचा नाही, हा आमच्या खात्याचा शिरस्ता आहे. कागद बिनचूक असेल तर समास कमी सोडला म्हणून परत. माझ्याकडे ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा लाल शिक्का आहे आणि त्यामुळे मला ऑफिसात सगळे ‘त्रुटीसाहेब’ म्हणतात. (प्रेमाने म्हणतात, असं मी धरून चालतो.) अशा माणसाच्या छातीवर बिल्ला लावायचा म्हणजे काय होणार, हे साहेबांना कळायला हवं होतं.

पाहुण्या बाईंनी खुणा सांगितल्या होत्या. खोट्या मेलमध्ये घाई असते. तुमचं नाव नसतं, नुसतं ‘प्रिय ग्राहक’ असतं. भाषा विचित्र असते. जन्मतारीख विचारतात आणि खाली कुठेतरी बोटाने दाबायला सांगतात. “आणि सध्या,” बाई म्हणाल्या, “दवाखान्याच्या नावाने येणाऱ्या मेलचा सुळसुळाट झालाय. आजाराचं नाव काढलं की माणूस घाबरतो आणि घाबरला की दाबतो.”

त्याच संध्याकाळी माझ्या फोनवर मेल आला, ‘आपली सातव्या महिन्याची तपासणी राहिली आहे, त्वरित येथे दाबा.’ मी विजयी मुद्रेने तो बायकोला दाखवला.

“बघ! शंभर टक्के खोटा!”

बायकोने मेल वाचला. मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

“कशावरून?” ती म्हणाली.

विनोद सोडा, पण मी पकडला होता हे तिलाही कबूल करावं लागलं. त्या दिवसापासून घरातले सगळे मेल माझ्या नजरेखालून जायला लागले. आणि इथेच सासूबाईंचा डोळा मध्ये आला.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. पूर्वी शाळेत शिकवायच्या. रस्त्याने जाताना दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची त्यांना सवय. दुकानाची पाटी, बसची पाटी, ‘कुत्र्यापासून सावध’सुद्धा. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि वाचन बंद झालं. चहात मीठ पडायला लागलं. एकदा तर दाराआडच्या खुंटीला टांगलेल्या माझ्या कोटाला त्या चांगलं पाऊण तास माझ्या आळशीपणाबद्दल सुनावत होत्या. मी मागून येऊन म्हणालो, “आई, मी इकडे आहे.”

“हो का?” त्या म्हणाल्या. “तरीच म्हटलं, आज उलट उत्तर कसं नाही!”

आम्ही हसायचो, त्याही हसायच्या. पण दुपारी त्या वर्तमानपत्र हातात धरून नुसत्या बसलेल्या दिसायच्या. पान उलटायच्या, घडी घालायच्या, परत उघडायच्या. ते बघून मला फार वाईट वाटायचं. डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवून किती महिने झाले होते, पण तिथे रांग इतकी मोठी की तारीख हाती लागेना. तारीख मेलवर येणार होती, आणि तो मेल येणार होता माझ्या फोनमध्ये, कारण सासूबाईंचं मेलखातं मीच उघडून दिलं होतं. मी ऑफिसातून आलो की चपला काढायच्या आधी प्रश्न यायचा, “जावईबापू, आला का हो मेल?”

आणि तो आला. अगदी साग्रसंगीत आला. मी टेबलावर होतो, छातीवर बिल्ला होता.

‘प्रिय रुग्ण, अति तातडीचे. आपला डावा डोळा सोमवारी सकाळी सात वाजता उपाशीपोटी आणावा. सोबत एक नातेवाईक आणावा. उद्या दुपारपर्यंत येथे दाबून जन्मतारीख भरावी व होकार कळवावा, अन्यथा डोळा पुढील रुग्णास दिला जाईल.’

मी मोठ्याने हसलो. आजूबाजूच्या टेबलांवरची मंडळी गोळा झाली. घाई आहे, नाव नाही, जन्मतारीख आहे, दाबायला आहे, आणि भाषा तर बघा! उपाशीपोटी डोळा! आणि तो दुसऱ्याला देणार म्हणे! कुठलं शहाणं रुग्णालय असं लिहील? आमचे बडेबाबू म्हणाले, “त्रुटीसाहेब, सोडू नका त्याला!”

बाईंनी सांगितलं होतं की असा मेल नुसता पुसून टाकायचा, उत्तर देऊ नका. पण उत्तर न देता कागद सोडणं माझ्या रक्तात नाही. मी तो मेल छापून काढला, त्यावर लाल शिक्का हाणला, खाली त्रुटी लिहिल्या. ‘जावक क्रमांक नाही. समास अपुरा. डोळा एकटा येऊ शकत नाही, याची नोंद घ्यावी. तुमच्यासारखे भामटे आम्ही रोज पाहतो. पुन्हा मेल केल्यास तुमचेच डोळे पांढरे करू.’ या सगळ्याचा फोटो काढला आणि सासूबाईंच्याच खात्यावरून धाडून दिला. ऑफिसने मला त्या दिवशी चहा पाजला. (तो मात्र वेळेवर आला. दैवाची थट्टा म्हणतात ती हीच.)

घरी आल्यावर चपलांसकट आत शिरलो आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. बायको आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू कमी व्हायला लागलं.

“सोमवारी सकाळी सात?” ती म्हणाली.

“हो ना!”

“डावा डोळा?”

“हो, आणि तोही उपाशी!”

सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, “अगं, डॉक्टर म्हणाले होते ना, आधी डावा करू म्हणून.”

बायकोने तडक रुग्णालयाला फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं, मग कुणीतरी सांगितलं की होय, मेल गेलेला आहे, होकार फोनवर चालत नाही, मेलवरच द्यावा लागतो, नमस्कार.

“द्या होकार!” बायको कडाडली. “आत्ताच्या आत्ता! आणि आईचा डोळा गेला ना पुढच्या माणसाला, तर मी तुम्हाला कोटाच्या खुंटीला टांगीन!”

“ओरडू नकोस गं,” सासूबाई म्हणाल्या. “होतं असं. येईल पुढची तारीख. इतके दिवस काढले, आणखी काढीन.” आणि त्यांनी हाताने चाचपत पेल्याचा शोध घेतला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

आलेल्या मेलमध्ये दाबून पाहिलं, तर ‘आपले उत्तर आधीच मिळाले आहे’ असं आलं, म्हणून मी नवा मेल लिहायला बसलो. काय लिहिलं ते आता सांगतो, लपवून उपयोग नाही: ‘प्रिय डॉक्टरसाहेब, अति अति तातडीचे!!! आधीचा मेल कृपया उघडू नये!! तो मी नव्हे, म्हणजे मीच, पण चुकून. डोळा आम्हालाच द्यावा. म्हाताऱ्या, असहाय आईवर दया करा. वाटेल ती रक्कम सांगा, लगेच पाठवतो. सोबत जोडलेल्या सर्व फाइली त्वरित उघडाव्यात!!!’ फाइलींत सासूबाईंचे रिपोर्ट होते, आणि गडबडीत माझ्या अंगठ्याचे फोटो.

उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि आम्ही तिघं रुग्णालयात जाऊन थडकलो. चौकशीच्या काचेमागे एक बाई बसली होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष तिच्या छातीकडे गेलं. पिवळा, गोल बिल्ला. तोच!

तिने सासूबाईंचं नाव संगणकात घातलं आणि तिच्या भुवया वर गेल्या.

“या रुग्णाचं मेलखातं चोरीला गेलंय,” ती म्हणाली. “काल एक धमकीचा मेल आला, मग एक रडका. पैसे देतो म्हणतोय, फाइली उघडा म्हणतोय. आम्हाला गेल्याच आठवड्यात ट्रेनिंग झालंय, सगळ्या खुणा जुळल्या. खातं बंद केलंय, चौकशी होईपर्यंत तारीखही थांबवलीय.”

“अहो, तो चोर मीच!” मी म्हणालो. (हे वाक्य जरा वेगळं बोलायला हवं होतं.)

तिचा हात घंटीकडे गेला. “म्हणजे तसं नव्हे,” मी घाईघाईने सांगू लागलो, “मी जावई आहे, खरा आहे, दुपारच्या आत होकार घ्या, फार तातडीचं आहे हो!”

“घाई,” ती माझ्याकडे बघत म्हणाली आणि एक बोट मोडलं. “भीती घालणं. स्वतःचं नाव न सांगणं.” तिसरं बोटही मोडलं. माझ्या छातीवरचा बिल्ला दाखवावा म्हणून मी चाचपला, तर तो घरी कालच्या शर्टावर राहिला होता.

तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. शेजारी एक जाडजूड खांब होता. त्यांनी खांबाला वाकून नमस्कार केला आणि अजिजीने म्हणाल्या, “बाई, तुमचा चेहरा मोठा दयाळू आहे. माझा डोळा दुसऱ्याला देऊ नका हो. जावई वेडा आहे, पण चोर नाही. तेवढी अक्कल नाही त्याला.”

काचेमागची बाई खांबाकडे बघत राहिली. मग तिने गपचूप होकाराची कळ दाबली आणि म्हणाली, “सोमवारी सात वाजता, आजी. रुग्ण खरा आहे, एवढं कळलं मला.”

बाहेर आल्यावर मी सासूबाईंचा हात धरला. “आई, तो खांब होता.”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “एवढं दिसतं मला अजून.”

डोळा झाला. अगदी छान झाला. पट्टी सुटली तेव्हा सासूबाईंनी आधी मुलीला डोळे भरून पाहिलं, मग मला पाहिलं, आणि परत मुलीकडे वळल्या. पंधरवड्याने तपासणीला गेलो तर त्या गेटपासून पाट्या वाचत निघाल्या. ‘आत जाण्याचा मार्ग.’ ‘शांतता राखा.’ हे त्यांनी इतक्या मोठ्याने वाचलं की परिचारिका धावत आली. बायको हसता हसता डोळे पुसत होती, आणि खरं सांगतो, माझेही भरून आले.

तपासणीच्या खोलीबाहेर बाकांवर बरीच गर्दी होती. समोरच्या भिंतीवर एक नवी कोरी, भलीमोठी पाटी होती. सासूबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात सुरू झाल्या, “बनावट मेल असा ओळखा! नमुना पहिला! डोळा एकटा येऊ शकत नाही, याची नोंद घ्यावी!”

नाव काळं केलेलं होतं. माझा लाल शिक्का मात्र हाताएवढा मोठा छापला होता.

“नमुना दुसरा! तो मी नव्हे, म्हणजे मीच, पण चुकून!”

बाकांवर हशा पिकला. मी औषधांची चिठ्ठी तोंडासमोर धरली. एक आजोबा पोट धरून हसत सासूबाईंना म्हणाले, “काय हो हा नमुना! असल्या माणसाला मुलगी तरी कोणी दिली असेल?”

सासूबाईंनी मान वळवून, नव्या डोळ्याने माझ्याकडे नीट, सावकाश पाहून घेतलं.

“दिली हो कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “मोतीबिंदू बहुतेक तेव्हापासूनच असणार.”