नव्व्याण्णव टक्के

कॉम्प्युटरच्या पडद्यावर मरे हॅसेटची हिरवी पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर अडकली होती आणि नोएलीन क्रिकने वायर उपटायला हात घातला होता.

"थांब! आत काम चालू आहे गं!"

"मला दिसत नाही तर चालू कसं? बाहेर माणसं फुलं घेऊन ताटकळलीत, मरे. त्यांना कबरीचा नंबर देऊ की तुझी पट्टी दाखवू?"

तिने वायर उपटलीच. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटबाहेरच्या किंगारा दफनभूमीचं ऑफिस ती एकोणीस वर्षं एकटी चालवत होती आणि तिच्या लेखी जे हलत नाही ते मेलेलं. एवढ्या वर्षांच्या अनुभवाने आलेलं मत, त्यापुढे काय बोलणार?

मरेला सत्तावन्नावं लागलं होतं. कबरींची नोंदवही तपासायचा प्रोग्रॅम त्यानेच लिहिला होता. "काम नीट झालं म्हणून शुक्रवारपर्यंत बाईंची सही आण," त्याच्या कंपनीतल्या साहेबाने, डेमियनने, सोमवारी सांगितलं होतं. "नाही आली तर तुला ठेवणं अवघड आहे बाबा." या वयात दुसरी नोकरी कोण देणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

आधी तपासणी आणि पट्टी अशी दोन्ही कामं प्रोग्रॅम एकाच हाताने करायचा. हात तपासणीत गुंतला की पडदा पांढराफटक पडायचा आणि नोएलीन वायर उपटायची. म्हणून मरेने तपासणी पडद्यामागे चालू ठेवली आणि पट्टी पुढे मोकळी सोडली. पण प्रामाणिकपणा नडला. दर कबरीमागे पट्टीला वर्दी द्यायची, अशी त्याने सोय केली. साठ हजार कबरी, साठ हजार वर्द्या. तपासणी केव्हाच उरकायची, पण वर्द्यांची रांग संपता संपत नसे आणि पट्टी नव्व्याण्णववर रखडे.

बुधवारी रात्री त्याला हे उमगलं आणि त्याने स्वतःच्याच डोक्यावर हात मारून घेतला. हजार कबरींमागे एकच वर्दी ठेवली. गुरुवारी सकाळी त्याने बटण दाबलं. तीन सेकंदांत पट्टी भरली.

"झालं," मरे म्हणाला.

"काय झालं?"

"सगळं. साठ हजार."

नोएलीनने चष्मा कपाळावर चढवला. "मला काय खुळी समजतोस? साठ हजार माणसं तीन सेकंदांत? अरे, त्यांना पुरायलाच दीडशे वर्षं लागली. यावर मी सही करायची?"

"पण बरोबर आहे गं, तपासून बघ."

"बघायचंच काय त्यात? नीट कर आणि उद्या ये."

मरेने हात टेकले. घरी जाऊन त्याने चांगल्या चालणाऱ्या प्रोग्रॅमला मुद्दाम झोपा घ्यायला लावल्या. दहा कबरी, एक डुलकी. एवढं लाजिरवाणं काम त्याने तीस वर्षांत केलं नव्हतं.

शुक्रवारी दहाला, चहाच्या सुट्टीच्या ठोक्याला, पट्टी सुरू झाली. नोएलीनने लॅमिंग्टन केकचा डबा उघडला, चहा ओतला आणि पट्टीकडे बघत बसली. पट्टी रमतगमत निघाली. दहा वीसला, शेवटच्या घोटाबरोबर, ती भरली.

"हं. याला म्हणतात काम," नोएलीन म्हणाली आणि तिने सही ठोकली.

मरेचा जीव भांड्यात पडला. त्याने तिथूनच कागदाचा फोटो साहेबांना पाठवला आणि मागोमाग स्पीकरवर फोन लावला.

"सही मिळाली, डेमियन!"

"बघितली. झकास! म्हणजे किंगाराचं काम संपलं."

"संपलं. आता मी पुढचं कुठलं घेऊ?"

"पुढचं कुठाय, मरे? तुझ्याकडे हे एकच उरलं होतं. सोमवारी कंपनीच्या गाडीची किल्ली आणून दे."

"पण तू तर म्हणालास, सही नाही आली तर ठेवणं अवघड!"

"हो, अवघडच होतं. पण काम अर्धवट असताना माणूस काढता येत नाही ना. आता आली सही, मग ठेवायचा कशाला?"

फोन बंद झाला. नोएलीनने सगळं ऐकलं होतं. तिने गुपचूप कागद ओढून घेतला आणि सहीवर पेन टेकवला.

"खोडू?"

"फोटो गेला गं."

तिने पेनाला टोपण लावलं. अकरा महिने दर मंगळवारी हा माणूस येऊन तिच्याशी भांडत होता, आता तेही नाही. पडद्यावर पट्टी भरलेली होती. तिने डब्यातलं उरलेलं लॅमिंग्टन त्याच्यापुढे सरकवलं.

"खा," ती म्हणाली. "आणि तोवर ती पट्टी परत एकदा लाव."