निजसुरे यांचे तेवीस लिटरचे इंजिन

भास्करराव निजसुरे जिन्यात भेटले, की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, "बाई, पाच की सात?" आपण "पाच" म्हणालो, तर ते सातची बाजू मांडतात; "सात" म्हणालो, तर पाचची. एकदा या जाचातून सुटावे म्हणून मी "सहा" म्हणाले. त्यांनी हातातला झाडू भिंतीला टेकवला, चष्मा पुसला आणि मला वीस मिनिटे तिसऱ्या पायरीवर उभे केले.

झाडूचा खुलासा करायला हवा. स्टुटगार्टात जिना झाडण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घरावर येते. तिला केअरवोखे म्हणतात. निजसुरे आपली पाळी कधीही चुकवत नाहीत. मात्र त्यांच्या आठवड्यात तिसरी पायरी आरशासारखी चकचकीत असते आणि बाकीच्या तशाच राहतात.

आता पाच आणि सात यांविषयी. आमच्या इमारतीखाली गॅरेजांची ओळ आहे. तिच्यातल्या शेवटच्या गॅरेजात एक जुनी अमेरिकन गाडी उभी असते: दोन दारे, लांबलचक नाक, रुंद खांदे. त्या देशात अशा दांडगट गाड्यांना मसल कार म्हणतात. निजसुरे यांनी ती नऊ वर्षांपूर्वी इंजिनाविना आणली. यथावकाश रंग झाला, गाद्या झाल्या, ब्रेक झाले. त्या लांबलचक नाकाखाली मात्र अजून पोकळी होती. कारण पाच लिटरचे इंजिन बसवावे की सात, हे ठरत नव्हते. लिटर म्हणजे इथे पेट्रोलची टाकी नव्हे, तर इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांच्या आतली एकूण जागा. पाचचे इंजिन हलके, गाडी वळणावर आवरते. सातचे जड, पण जोर भलता. पावणेसहाचेही मिळते. माहितगाराला ही निवड करायला एक दुपार पुरावी. निजसुरे तर पंचवीस वर्षे इंजिनांचे आराखडे करत आले आहेत.

त्यांची सगळी दुनियाच घनफळात मोजलेली आहे. "आल्झो, तर तत्त्व असं आहे," अशी सुरुवात करून ते कोणत्याही माणसाचे माप सांगतात. महाराष्ट्र मंडळाचे सचिव हे त्यांच्या मते "दीड लिटरचे, पण आवाज ट्रकचा." माझ्याबद्दल त्यांचे मत असे, की "बाई म्हणजे लहान इंजिन, पण कॉम्प्रेशन जबरदस्त." मी हे कौतुक समजून चालते. एकदा वृंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना कुकर आणायला पाठवले. ते तीन तासांनी हात हलवत परतले.

"अहो, कुकर कुठाय?"

"पाच लिटरचाही होता, सातचाही होता," निजसुरे म्हणाले. "घाईनं निर्णय नको."

"भात पातेल्यातच करते मी," वृंदाताई म्हणाल्या. "तुमच्या निर्णयापर्यंत तांदूळ जुना होईल, तेवढाच फायदा!"

यंदा मे महिन्यात गॅरेजांच्या मालकीणबाई फ्राऊ एबर्ले यांचे पत्र आले. गॅरेज हे चालत्या गाडीसाठी असते, असा इथला नियम आहे. सप्टेंबरअखेर गाडी स्वतःच्या बळावर बाहेर आली नाही, तर गॅरेज रिकामे करून द्यावे, असे त्यांनी कळवले होते. दुसरे गॅरेज आमच्या डोंगराळ भागात मिळत नाही. म्हणजे गाडी विकावी लागणार. आता तरी निजसुरे एक आकडा उच्चारतील, असे सगळ्यांना वाटले. त्यांनी पत्र चार वेळा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि मला विचारले, "बाई, पाच की सात?"

पुढच्याच रविवारी मी त्यांचा लोणच्याचा डबा परत करायला गॅरेजात गेले. रविवारी इथे ड्रिल किंवा हातोडा चालवता येत नाही, शेजारी खपवून घेत नाहीत. म्हणून निजसुरे रविवारी फक्त गणिते करतात. ते कोपऱ्यात फडके शोधत होते. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरलेला होता. दुसऱ्याचा कागद वाचू नये, हे मला ठाऊक आहे. पण सांगलीच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवल्यावर समोर आलेले गणित न तपासणे जमत नाही.

सिलिंडरचा व्यास लिहिला होता, पिस्टनची धाव लिहिली होती, सिलिंडर आठ. मांडणी सुरेख. उत्तर होते बावीस पूर्णांक नऊ लिटर.

"निजसुरे, हे काय आहे?"

"का? काय झालं?"

"तुम्ही व्यासालाच त्रिज्या धरलंय. क्षेत्रफळ चौपट आलं. ही आठवीतली चूक आहे, आणि आठवीतसुद्धा मागच्या बाकावरची. हे पावणेसहाचं इंजिन तुम्ही जवळजवळ तेवीसचं करून ठेवलंत!" बोलता बोलता मी पर्समधून लाल पेन काढलेही होते.

"बाई, नका!" त्यांनी कागदावर चक्क दोन्ही हात पालथे ठेवले. "खोडू नका. तो सईला पाठवायचाय."

सई ही त्यांची एकुलती एक मुलगी. आखनच्या तंत्र विद्यापीठात इंजिनांवरच पीएचडी करते. तिला मराठी सगळे कळते. उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देते.

"चुकीचं गणित पाठवायचंय?"

निजसुरे गाडीच्या उघड्या दारात बसले. थोडा वेळ फडक्याने हात पुसत राहिले. हात स्वच्छच होते.

"ती आखनला गेली, तेव्हा फोनवर आमचं बोलणं मोजून चार शब्दांचं. 'हालो बाबा, आईला दे.' आईशी तासभर. मी शेजारी बसून ऐकायचो. मग एकदा मी तिला इंजिनाचा हिशोब पाठवला, त्यात माझी खरोखरच चूक झाली. तिनं स्वतःहून फोन केला हो. मला! चाळीस मिनिटं भांडली. मध्येच मराठीत म्हणाली, 'बाबा, असं कसं करतोस तू?'" ते क्षणभर थांबले. "तेव्हापासून दर रविवारी एक कागद. ती पाच म्हणाली, की मी सात म्हणतो. पण आता चुकासुद्धा संपत आल्या, बाई. तेवीस लिटर म्हणजे अगदीच टोक झालं, मला कळतं."

"आणि इंजिन एकदा बसलं, की..."

"गेनाऊ, अगदी तेच," ते म्हणाले. "आईला दे."

गाडी ठेवायची, तर इंजिन निवडायला हवे. इंजिन निवडले, तर रविवार जाणार. या गणिताला माझ्याकडे रीत नव्हती. मी पेनाला टोपण लावले आणि डबा ठेवून वर आले.

तेवीस लिटरला फोन आला नाही. पुढच्या शनिवारी सई स्वतःच आली. तिने गॅरेजात उभे राहून, आम्हा सगळ्यांसमोर, बोट रोखून निकाल दिला, "बाबा, पावणेसहा. श्लुस." श्लुस म्हणजे संपले. निजसुरे यांनी सातची बाजू मांडायला तोंड उघडले आणि मिटले. सुट्टी काढून ती जूनमध्ये आली, ऑगस्टमध्ये आली. बापलेकींनी मिळून इंजिन बसवले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती गाडी अशी काही गुरगुरत चढ चढून वर आली, की फ्राऊ एबर्ले यांनी दोन्ही कानांवर हात ठेवून मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निजसुरे यांनीही वाजवल्या, पण एखाद्याला निरोप द्यावा तशा.

सईची आगगाडी सुटायला तासभर होता. पाठीवर सॅक अडकवून ती जिन्यात थांबली आणि तिने बापाच्या हातात एक कागद दिला.

"मागच्या आसाचे गिअर बदलायला हवेत, बाबा. हिशोब केलाय मी. रविवारी सांग."

ती तीन तीन पायऱ्या उतरत गेली. निजसुरे यांनी चष्मा लावला. मी त्यांच्या खांद्यामागेच उभी होते. एका गिअरचे दात एकेचाळीस, दुसऱ्याचे बारा. भागाकार तीन पूर्णांक चोवीस. तो तीन पूर्णांक बेचाळीस यायला हवा. इंजिनांवर पीएचडी करणारी मुलगी.

निजसुरे यांचे बोट ओळींवरून सरकत त्या आकड्यापाशी आले आणि तिथेच राहिले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "पोरीचं चुकलंय हो."

"हो का?" मी म्हणाले. "चष्मा वरच राहिलाय माझा. मला काही दिसत नाही."

चष्मा माझ्या नाकावर होता. त्यांनी तो पाहिला नाही. ते कागदाची घडी घालून खिशात ठेवत होते.