बसून पाहिलेलं फ्लॉरेन्स

पराग ढवळे घराबाहेर पडताना मास्क विसरेल, एखाद्या दिवशी बायकोला विसरेल, पण खिशातला टेप विसरणार नाही. पिवळा, तीन मीटरचा, सुताराकडे असतो तसला. रस्त्यात बाक दिसला की हा टेप काढून उंची मोजतो, मग बसतो, हात न टेकता उठून बघतो आणि वहीत लिहून ठेवतो. योग्य उंची सतरा इंच. सोळा असेल तर माणूस बसतो पण उठत नाही, अठरा असेल तर पाय लोंबकळतात. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या आमच्या औषध कारखान्यात तो मशिनं तपासून पास-नापास ठरवतो. त्यामुळे जगातल्या उरलेल्या वस्तूही आपल्याच सहीसाठी अडून बसल्यात, अशी त्याची समजूत आहे. कोणी हटकलं की म्हणतो, "बसून पाहिल्याशिवाय बोलू नये."

दुखरे गुडघे त्याचे नाहीत, आईचे. ढवळेबाई कराडला मुलींच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवत होत्या. ड्रॉइंगच्या कोर्सला असताना ग्रंथालयातल्या एका जाडजूड पुस्तकात त्यांनी शिंपल्यात उभ्या असलेल्या बाईचं ते प्रसिद्ध इटालियन चित्र पाहिलं. म्हणजे डोकं पाहिलं आणि पावलं पाहिली. मधल्या भागावर ग्रंथपालांनी खाकी कागद डकवला होता. तेव्हापासून बाईंना ते चित्र पुरतं पाहायचंय. परागनं एकदा फोनवर दाखवलं, तर म्हणाल्या, "पत्रिका वाचून लग्न जेवल्यासारखं होतं का रे? मला समोर ने." पण दहा मिनिटांच्या वर त्यांना उभं राहवत नाही. म्हणून हे बाकपुराण.

२०२० च्या ईस्टरला बाई कॉर्कला येणार आणि तिथून सगळे ते चित्र पाहायला फ्लॉरेन्सला जाणार, असं ठरलं होतं. मार्चमध्ये सगळंच बंद झालं. दुसरा कोणी असता तर हळहळला असता. पराग म्हणाला, "बरं झालं, सरावाला वेळ मिळाला." घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायची मुभा मिळाली, तेव्हा यानं त्या पाच किलोमीटरांतले झाडून सगळे बाक मोजले. एकदा गार्डानं, म्हणजे इथल्या पोलिसानं, अडवलं. पराग त्याला आईच्या गुडघ्यांच्या पहिल्या एक्स-रेपासून सांगू लागला. पोलिसानं थोडा वेळ ऐकलं, "यू'र ग्रँड, यू'र ग्रँड", म्हणजे 'ठीक आहे बाबा', म्हणाला आणि स्वतःच पाय काढता घेतला. आमच्या भागातले आयरिश आजोबा तेव्हापासून त्याला 'युअर मॅन विथ द टेप', म्हणजे 'तो टेपवाला', म्हणतात आणि कुठला बाक डुगडुगतो ते आपणहून कळवतात.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात शाळांना मिडटर्मची सुट्टी लागली, तेव्हा त्याचं आणि आमचं, अशी दोन्ही कुटुंबं फ्लॉरेन्सला निघालो. बाई अजून कराडलाच होत्या. "ही रंगीत तालीम," पराग म्हणाला. "खरा प्रयोग आई आल्यावर."

मी घाईची बाई. चार दिवसांत आठ चर्च आणि सगळे पूल उरकायचे, असा माझा बेत होता. पण त्या शहरात सगळी दुनिया माना वर करून हिंडत होती आणि आमचा म्होरक्या तेवढा कमरेत वाकून. मोठ्या घुमटासमोरचा दगडी ओटा: "एकोणीस. नापास." नदीकाठचा कट्टा: "सतरा, पण टेकायला पाठ नाही. काठावर पास." एका चर्चमध्ये त्यानं प्रार्थनेच्या बाकाला टेप लावला, तेव्हा डोळे मिटून बसलेल्या एका आजींनी एक डोळा उघडला. त्याची बारा वर्षांची सई लाजेनं लाल होऊन माझ्यामागे तोंड लपवून म्हणाली, "मावशी, आय'म स्कार्लेट फॉर हिम!" तिसऱ्या दिवशी मीही भडकले. "अरे, तुला आईंना फ्लॉरेन्स दाखवायचंय की फर्निचरचं दुकान?"

तो पुढच्या बाकाकडे गेला. त्याची बायको ऋजुता माझ्याजवळ आली.

"त्याला ओरडू नकोस," ती म्हणाली. "ऑगस्टमध्येच डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलंय. आईंचं हार्ट बरं नाही, विमानप्रवास आता कधीच नाही. आईंना हे माहीत नाही. आणि हा ऐकून न ऐकल्यासारखं करतोय."

मला इतकी लाज वाटली की हातातलं आइस्क्रीम खाववेना. संध्याकाळपर्यंत टेपचं दुसरं टोक मी धरत होते.

शेवटच्या दिवशी ते चित्र. दालनात बाक होता. सतरा इंच, वर गादी! परागचा चेहरा खुलला. तो ऐटीत बसला आणि समोर दिसल्या नुसत्या लोकांच्या पाठी. हात वहीकडे गेलाच नाही. ठरल्याप्रमाणे त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला, फोन माझ्या हातात कोंबला, "धर, आलोच," म्हणाला आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या पहारेकरीणबाईंकडे गेला.

मी गर्दीच्या डोक्यांवरून फोन धरला. कराडला ढवळेबाई इस्त्रीची साडी नेसून बसल्या होत्या. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाल्या, "केवढं मोठं आहे गं! आणि किती संकोचून उभी आहे बिचारी. उगाच कागद लावला मेल्यांनी." मग आवाज खाली आला. "पराग कुठाय?"

"तुमच्यासाठी खुर्ची मागतोय, काकू."

"मी यायची नाही, वैशाली. डॉक्टरांकडची नर्स माझी विद्यार्थिनी आहे, तिनं सगळं सांगितलंय मला. त्याला नको बोलूस. हौसेनं मोजतोय तर मोजू दे."

तिकडे परागचं लॉकडाऊनमध्ये ऍपवर शिकलेलं इटालियन संपलं होतं. तो गुडघे धरून वाकला, कण्हला, माझ्या हातातल्या फोनकडे बोट करून म्हणाला, "मम्मा." पहारेकरीणबाई उठल्या. स्वतःची खुर्ची उचलून त्यांनी थेट चित्रासमोर आणून ठेवली आणि लोकांना हातानं बाजूला केलं. परागनं टेप लावला.

"सतरा! आई, जमलं! अगदी समोर!"

"छान. आता तूच बस तिच्यावर," बाई म्हणाल्या. "वैशाली, कॅमेरा त्याच्याकडे फिरव. दीड वर्ष हा मला फोनवर नुसते बाक दाखवतोय."

तो बसला.

"मास्क काढ जरा."

त्यानं पहारेकरीणबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यानं मास्क उतरवला आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. फोनचा पडदा माझ्या बाजूला होता, त्यामुळे बाईंचा चेहरा त्याला दिसत नव्हता, फक्त मला दिसत होता.

"वाळलास रे," त्या म्हणाल्या.

मागची गर्दी कुरकुरायला लागली होती. मी फोन हलू दिला नाही.